बोर्डापुढे डावी बाजू

मला डावीकडचं दिसत नाही. आज हे मी कुणालाही बोलता बोलता सांगतो. ऐकणारा चपापतो, माझ्या डाव्या डोळ्याकडे निरखून बघतो आणि त्याला तिथे काहीच सापडत नाही. डोळा धडधाकट आहे. दोन्ही धडधाकट आहेत. तरीही समोरचं अर्धं मला दिसत नाही, आणि ही साधी गोष्ट सरकारी कागदावर यायला मला जेवढी खटपट करावी लागली, तेवढी फौजेत भरती व्हायलाही लागली नव्हती.

फौजेत मी ड्रायव्हर होतो. आमचं गाव रेवदंड्यापासून आत, भातशेतीचं. घरटी एखादा तरी मुंबईला नाहीतर कारखान्यात कामाला. मी तेवढा फौजेत गेलो. पहाडी रस्त्यांवर वर्षानुवर्षं ट्रक चालवले आणि कुठे साधा ओरखडाही येऊ दिला नाही. एका सकाळी रस्ता निसरडा होता. समोरून आलेल्या गाडीला वाट देताना माझ्या ट्रकचं मागचं चाक कडेवरून सरकलं आणि ट्रक उलटला. खाली दगडांचा टप्पा होता म्हणून तिथेच अडकला. माझ्या डोक्याला उजवीकडे, मागच्या बाजूला मार बसला.

इस्पितळात जरा बसता यायला लागल्यावर मी पहिली तक्रार केली ती जेवणाची. डाळ-भात आला, भाजी दिलीच नाही म्हणून. नर्सने ताट फिरवलं. भाजी होती. ताटात डावीकडे होती.

मला वाटलं, डावा डोळा गेला. मी डावा डोळा मिटून बघितला, काही फरक पडला नाही. उजवा मिटला, तरी तेच. दोन्ही डोळ्यांना उजवी बाजू दिसत होती आणि दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गायब होती. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, की डोळे फक्त चित्र घेतात, बघण्याचं काम मेंदू करतो. डावीकडचं बघणारा भाग मेंदूच्या उजव्या बाजूला मागे असतो, आणि मार नेमका तिथे बसलाय. "परत येईल?" मी विचारलं. "थोडंफार आलं तर पहिल्या काही महिन्यांतच येईल," ते म्हणाले. माझं आलं नाही.

लोकांना वाटतं, मला डावीकडे काळोख दिसत असेल. तसं नाही. तुम्हाला तुमच्या पाठीमागे काय दिसतं? काळोख दिसतो का? काहीच दिसत नाही आणि दिसत नाही हेही जाणवत नाही. माझं डावीकडे तसं आहे. म्हणूनच सुरुवातीला माणूस फसतो. सगळं दिसतंय असंच वाटत राहतं, खांदा दाराच्या चौकटीवर आदळेपर्यंत.

स्टिअरिंग सुटलं. उरलेली नोकरी मी स्टोअरमध्ये सामान देत-घेत काढली आणि मुदत संपल्यावर बाहेर पडलो. बाहेर पडताना मेडिकल बोर्ड होतं. नोकरीत झालेल्या दुखापतीने किती अपंगत्व आलं, त्याचे टक्के हे बोर्ड ठरवतं. डोळ्यांसाठी भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. मी शेवटची ओळसुद्धा खणखणीत आवाजात वाचली. अक्षरं एकेक करून वाचायची असली तर मला काहीच अडचण येत नाही. नजर सरकवली की अक्षर समोर येतं. तपासणारे खूश झाले, मीही खूश झालो. अपघाताच्या कागदांत डाव्या नजरेचा उल्लेख होता, पण तिचं मोजमाप कुणी केलेलं नव्हतं, आणि त्या दिवशीही कुणी केलं नाही. नजर उत्तम, डोक्याची जखम भरलेली. विसाच्या आतले टक्के लिहिले गेले. विसाच्या आतल्या टक्क्यांना पेन्शनीच्या हिशेबात काही किंमत नसते.

तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. गावाकडे निघालो होतो, तेवढं पुरे होतं.

गावात मात्र वर्षभरात माझं नाव खराब झालं. माजी सैनिक म्हणून लोक हाक मारायचे, नमस्कार करायचे. जे उजवीकडून करायचे त्यांना नमस्कार परत मिळायचा. डावीकडच्यांना मी ओलांडून पुढे जायचो. आमच्या वाडीतले एक वयस्कर काका एकदा बायकोला म्हणाले, "तुझा नवरा लय मोठा झालाय. पारावर माणूस बसलेला त्याला दिसत न्हाय." पार आमच्या घरातून बाहेर पडताना डाव्या हाताला आहे. लावणीच्या वेळी माझ्या डावीकडे रोपांत मोकळा पट्टा राहायचा. पेपर वाचायला घेतला की ओळ संपल्यावर पुढच्या ओळीची सुरुवात सापडायची नाही.

बायकोने यावर तिच्या परीने उपाय काढला. ती शाळा फार शिकलेली नाही, पण कुठलंही काम हातात घेतलं की तडीस नेते. चालताना ती कायम माझ्या डाव्या बाजूला राहायची आणि दर थोड्या वेळाने म्हणायची, "डावीकडं बघा." बाजारात, बांधावर, लग्नाच्या मांडवात, तेच. सुरुवातीला मला राग यायचा. मग सवय झाली. मग तिने म्हणायची गरज उरली नाही, माझे डोळेच आपसूक डावीकडे जाऊन यायला लागले. आरसा बघणाऱ्या ड्रायव्हरसारखे. धडका कमी झाल्या. काकांना नमस्कार पोचायला लागला.

तरी एकदा चुकलंच. रेवदंड्याला किल्ल्याच्या तटाजवळ रस्ता अरुंद होतो. मी मासळी घेऊन एकटाच येत होतो, उजवीकडच्या ओळखीच्या माणसाशी बोलत होतो. डावीकडून अलिबागची रिक्षा आली. तिचा आरसा माझ्या हाताला लागला आणि मी रस्त्यावर बसलो. पिशवीतले बांगडे इकडेतिकडे. रिक्षावाला घाबरलेला होता, घाबरून ओरडला, "आंधळा हायस काय रे?"

आंधळा तर मी नव्हतो. पण मग काय होतो? कागदाप्रमाणे माझी नजर उत्तम होती. मनगट सुजलं होतं आणि मी रस्त्यावर बसून विचार करत होतो की या माणसाला आपण काय सांगायचं.

त्या संध्याकाळी बायको मनगटाला हळद लावत असताना मी तिला म्हणालो, "मी अपील करणार."

"कसलं?"

"टक्क्यांचं. त्यांनी नजर मोजली ती अर्धीच मोजली. आता पुरती मोजायला सांगतो."

ती म्हणाली, "मी येते संगती."

पैशाचा भाग त्यात होता, ते मी नाकारत नाही. पण मला मुळात चीड आली होती ती वेगळीच. माझ्या हातून गाडी गेली, चालता चालता माणसं दुरावली, आणि कागद म्हणत होता की विशेष काही झालेलं नाही. आयुष्यभर मी गाडीच्या कागदांत आणि गाडीत फरक चालवून घेतला नव्हता. अलिबागला माजी सैनिकांची कामं होतात तिथे जाऊन अर्ज केला, कागद जोडले, वाट बघितली. मध्यंतरी एका नातेवाइकाने सल्ला दिला, "जाताना काठी घेऊन जा. जरा चाचपडत चाल. बोर्डाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे." मी म्हटलं, "जे आहे तेच भरपूर आहे."

बोलावणं आलं ते घाटावरच्या एका लष्करी इस्पितळाचं. आम्ही दोघं पहाटेच्या एसटीने गेलो. डोळ्यांच्या डॉक्टर मेजर होत्या, तरुण, बोलायला नेमक्या. आमचं बोलणं हिंदीत झालं. त्यांनी कागद वाचले आणि म्हणाल्या, "नजरेच्या कक्षेची तपासणी करू. बाजूचं किती दिसतं ते त्यात कळतं."

अंधाऱ्या खोलीत एक यंत्र होतं. मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं, आडवं ठेवलेलं. त्यात तोंड घालून बसायचं, हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्या डोळ्याने मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. वाडग्यात कुठेही बारीकसा उजेड चमकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. यंत्र चालवणारी मुलगी मराठीच होती. ती म्हणाली, "काका, डोळा ठिपक्यावरून हलवायचा नाही हं."

"नाही हलवणार," मी म्हणालो. आणि लगेच हलवला.

मला कळतही नव्हतं. उजवीकडे उजेड चमकायचा, मी बटण दाबायचो, आणि मग डोळे आपसूक डावीकडे जाऊन यायचे. तिथे नेमका एखादा उजेड चमकत असला तर तोही दिसायचा. यंत्र आतून डोळ्यावर नजर ठेवून होतं. "काका, हलला." "काका, परत हलला." शेवटी तिने यंत्र थांबवलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबवलं. जो कागद निघाला त्यावर काळे-पांढरे डाग कसेही विखुरलेले होते आणि खाली शेरा होता, की ही तपासणी भरवशाची नाही.

मेजर मॅडमनी तो कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला ठिपक्याकडे बघायला सांगितलं होतं."

"बघत होतो, मॅडम."

"नव्हता बघत. डोळा सतत फिरत होता." "हे बघा, अपील करणारे काही लोक मुद्दाम तपासणी बिघडवतात. मी तुमच्याबद्दल तसं म्हणत नाही. पण या कागदावर मी काहीच लिहू शकत नाही."

फौजेत मला कुणी आळशी म्हटलं होतं, हट्टी म्हटलं होतं, पण खोटा कुणी म्हटलं नव्हतं. मी ताठ बसलो आणि म्हणालो, "मॅडम, मला बिघडवायचं असतं तर मी डावीकडचं दिसत नाही असंच दाखवलं असतं. दिसतंय असं कशाला दाखवलं असतं?"

त्यांनी तो कागद पुन्हा बघितला. आणि तेवढ्यात दाराशी उभी असलेली बायको मोडक्या हिंदीत बोलायला लागली, आणि हिंदी संपल्यावर सरळ मराठीत. "मॅडम, तो डोळा मीच फिरवायला शिकवलाय. रोज सांगायची, डावीकडं बघा. आता त्यांना सांगून पण थांबत न्हाय. झोपेत पण फिरत असंल."

यंत्रावरच्या मुलीने ते हिंदीत सांगितलं. मॅडमनी खुर्ची ओढली आणि माझ्या समोर बसल्या. "माझ्या नाकाकडे बघा," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हात बाजूंना पसरून बोटं हलवायला लागल्या. माझे डोळे लगेच डावीकडे पळाले. त्यांनी पुन्हा सांगितलं, पुन्हा पळाले. तिसऱ्या वेळेला त्या हसल्या. पहिल्यांदाच हसल्या. बायकोकडे बघून म्हणाल्या, "चांगलं शिकवलंत. आता हेच दोन मिनिटं थांबवायला शिकवा. मी पुढची तारीख देते. आणि हे डोळे फिरवणं सोडायचं नाही, फक्त यंत्रापुढे थांबवायचं."

घरी आल्यावर बायकोने पडवीच्या भिंतीवर खडूने फुली काढली. मी तिच्यासमोर स्टुलावर बसायचो, एका डोळ्यावर रुमाल बांधून. तिने खराट्याच्या हिराच्या टोकाला शर्टाचं पांढरं बटण बांधलं होतं. माझ्या बाजूला, डोळा दिसेल अशी वाकून उभी राहून ती ते बटण कडेकडून हळूहळू पुढे आणायची आणि विचारायची, "दिसलं?" डोळा हलला की हिराची टोचणी खांद्याला बसायची. फौजेत कवायत घेणारे उस्तादही इतके कडक नव्हते.

डोळा थांबवणं सोपं नाही. आदळायची भीती अंगात बसलेली असते, ती डोळ्याला ओढत राहते. मग मला परेड आठवली. सावधानमध्ये उभं असताना कानाशी माशी आली तरी नजर सामने. मी पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले आणि फुलीकडे बघायला लागलो. हळूहळू जमायला लागलं.

ज्या दिवशी नीट जमलं त्या दिवशी बायको उजवीकडून बटण आणायची, मी "दिसलं" म्हणायचो. डावीकडून आणायची, मी गप्प. ती आणखी पुढे आणायची, मी गप्प. अगदी फुलीच्या पुढ्यात येईपर्यंत गप्प, आणि मग एकदम, "दिसलं." तिने डावीकडूनच वरच्या अंगाने आणून बघितलं, खालच्या अंगाने आणून बघितलं. दुसऱ्या डोळ्यावर रुमाल बांधून करून बघितलं. प्रत्येक वेळी ते बटण बरोबर मधोमध आल्यावरच दिसायचं. नाकासमोर सुरीने कापल्यासारखी रेघ होती.

तिने हीर खाली ठेवला आणि माझ्या पुढ्यात येऊन बसली.

"मला वाटायचं, कडेकडेचं थोडं दिसत नसंल," ती म्हणाली. "हे तर निम्मं हाय."

"निम्मंच."

"म्हंजे मी डाव्या बाजूनं चालते तवा मी तुमाला दिसतच न्हाय?"

"नाही."

"कंदीच?"

"तुझ्याकडे वळलो की दिसतेस. एरवी आवाज येतो ना."

तिने मग पदराने तोंड पुसलं, उठली आणि म्हणाली, "बसा परत. मॅडमच्या पुढ्यात हललात तर बघा."

दुसऱ्या तारखेला त्या वाडग्यात तोंड घालताना मला कसलीच धाकधूक नव्हती. ठिपक्यावर नजर रोवली. उजवीकडचे उजेड एकापाठोपाठ येत होते, मी बटण दाबत होतो. मग मध्येच लांबलचक शांतता यायची. यंत्राचा बारीक आवाज चालू असायचा, म्हणजे कुठेतरी काहीतरी चमकत असणार, पण मला काही दिसायचं नाही. अशा वेळी अंगठा शिवशिवतो. एवढा वेळ काहीच दाबलं नाही, आपण चुकतोय, एकदा दाबून टाकावं, असं वाटतं. मी दाबलं नाही. दिसलं तरच दाबायचं, एवढं एकच काम होतं आणि ते मला येत होतं.

"काका, एकदम मस्त," मुलगी म्हणाली. "मी सांगितलं पण नाही एकदाही."

मॅडमनी दोन्ही डोळ्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बायकोलाही बोलावलं. दोन गोल होते. दोन्ही गोलांची उजवी बाजू पांढरी आणि डावी काळी, मध्ये सरळ उभी रेघ. पडवीत आम्हाला सापडली होती तशीच. बायको म्हणाली, "व्हय, हेच." मॅडमनी मान डोलावली. मला त्या कागदाचं वाईट वाटेल असं मॅडमना वाटलं असावं, कारण त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मला तर हलकं वाटत होतं. जे मी तोंडाने सांगून थकलो होतो, ते आता कुणालाही बघता येत होतं.

मग बोर्ड. तीन अधिकारी समोर. अध्यक्षांनी विचारलं, "अक्षरं सगळी वाचता येतात. मग त्रास काय होतो?"

मी म्हणालो, "साहेब, थांबलेलं सगळं दिसतं. हलणारं डावीकडून आलं तर लागल्यावर कळतं. मी ड्रायव्हर होतो. आज मला तुम्ही गाडी द्याल का?"

अध्यक्षांनी दोन गोलांचा कागद हातात घेतला, बाजूच्या अधिकाऱ्याला दाखवला. "नाही देणार," ते म्हणाले. आणि लिहायला लागले.

निकाल पोस्टाने आला. टक्के पहिल्यापेक्षा दुपटीहून जास्त होते, आणि कायमचे होते. पुन्हा पुन्हा तपासायला बोलावणार नव्हते. मी कागद दोनदा वाचला, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवून. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अभिनंदन हो, पेढे द्या." बायको म्हणाली, "अपंग जास्त निघाले म्हणून पेढे वाटायचे काय?" आणि हसता हसता तिने गूळ-खोबरं आणून सगळ्यांच्या हातावर ठेवलं.

हल्ली मी रेवदंड्याला खाडीवर बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. ड्रायव्हरकी गेली तरी ट्रकची इंजिनं खोलून हाताला आलेली कारागिरी राहिली होती. इंजिन एका जागी बसून असतं, मी त्याच्याभोवती फिरतो, सामान उजव्या हाताला मांडून ठेवतो. नवीन माणूस आला की पहिल्यांदा सांगून टाकतो, डावीकडून येऊ नको, आलास तर आवाज दे. कुणाला त्यात काही वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात आगरदांड्याहून एक इंजिन आलं आणि त्याच्याबरोबर बोटवाल्याचे मामूही आले. नौदलातून निवृत्त झालेले, पांढरी दाढी नीट कातरलेली. माझं ऐकून मुद्दाम आले होते. त्यांना नोकरीतच काचबिंदू निघाला होता. "मला समोरचं साफ दिसतं," ते म्हणाले, "पण चारी बाजूंनी मिटत चाललंय. बंदुकीच्या नळीतून बघावं तसं. जेट्टीवर दोरखंडाला अडखळून पडलो परवा."

"बोर्डाला सांगितलंत?"

"तक्ता वाचून दाखवला. ते म्हणाले, ठीक आहे." "पुन्हा अर्ज करायचा म्हणजे... आमच्या घरात कुणी हात पसरला नाही कधी. इज्जतीचा सवाल आहे."

मी हात पुसले. "मामू, तुम्ही बोटीवर होतात. पाण्याची खोली मोजताना दोर अर्ध्यावर थांबवला आणि तेवढंच पाणी आहे असं लिहिलं, तर चाललं असतं?"

"बोट लागली असती तळाला."

"मग तुमचं माप अर्ध्यावर थांबलंय. पुरतं घ्या, एवढंच सांगायचं. मागायचं काही नाही."

ते हसले. मी त्यांना वाडग्याच्या यंत्राचं सांगितलं, ठिपक्याचं सांगितलं, लांबलचक शांततेत अंगठा कसा आवरायचा ते सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, मध्ये मध्ये प्रश्न विचारले. निघताना म्हणाले, "अर्ज लिहायला बसलो की फोन करीन. कंटाळू नका."

महिन्याभरात त्यांनी अर्ज केला. तारीख आली तेव्हा त्यांच्या घरचं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून मीच बरोबर गेलो. इस्पितळाच्या लांब व्हरांड्यातून आम्ही शेजारी शेजारी चाललो, ते माझ्या डाव्या बाजूला, माझ्या दंडाला धरून. दाराशी आमचा नंबर पुकारला तेव्हा त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "चला, आत जाऊ या."